बंद पडलेली फियाट आणि सडलेली फियाट

जुन्या गाड्यांच्या व्यवहारात दोन वाक्यं हमखास कानावर येतात. एक, "गाडी फक्त बंद आहे, बाकी ओके." दुसरं, "सेल्फ मारा, आत्ता चालू होईल." पहिल्या वाक्याला आपण घाबरतो आणि दुसऱ्याला भाळतो. मी भाळलो होतो.

चार वर्षांपूर्वी मेव्हण्याला आणि मला एकदमच पद्मिनीचं, म्हणजे जुन्या फियाटचं वेड लागलं. एकाच आठवड्यात दोन गाड्या पाहिल्या. पहिली दिंडोरीकडच्या एका द्राक्षबागेच्या शेडमध्ये होती. मालकाचे वडील गेल्यापासून बंद, चारही टायर बसलेले, बॉनेटवर कोंबड्यांची वस्ती, इंजिन जाम. दुसरी नाशिकच्या पंचवटीत, गोदाकाठापासून फार लांब नाही. नवा क्रीम रंग, खाली काळंभोर अंडरकोटिंग, अर्ध्या सेल्फला चालू. आम्ही दुसरी घेतली, आणि वर दिंडोरीच्या माणसाला फोन करून "तुमची फारच खराब झालीय हो" असं ऐकवलं.

तीन महिन्यांनी पंक्चर काढायला जॅक लावला. गाडी उचलली गेली नाही, जॅकच दाराखालून आत घुसला.

गॅरेजवाल्या चाचांनी खाली वाकून बॅटरी मारली, स्क्रूड्रायव्हरने खरवडलं. आधी डांबरासारखा थर निघाला, मग पुट्टी, मग फायबरची जाळी, आणि मग ओंजळभर लाल भुगा आणि वाळलेला गाळ. "भाऊ, इंजिन खराब असतं तर खाली काढलं असतं, लेथवर टाकलं असतं, परत बसवलं असतं. पण याला वेल्डिंग कुठे करू? टाका धरायला चांगला पत्रा तर पाहिजे ना!"

बंद गाडी आणि सडलेली गाडी यांत आपली गल्लत होते, कारण धुळीत उभ्या असताना दोन्ही सारख्याच केविलवाण्या दिसतात. प्रत्यक्षात ही दोन वेगळी दुखणी आहेत. एक यंत्राचं, दुसरं सांगाड्याचं. एकाच गाडीला दोन्ही असू शकतात, किंवा एकच.

आधी यंत्राचं घेऊ. पद्मिनीचं पेट्रोल इंजिन १०८९ सीसीचं, चार सिलिंडरचं, कार्ब्युरेटरवालं. त्यात न कळण्यासारखं काहीच नाही. वर्षानुवर्षं उभ्या गाडीत काय होतं? टाकीतलं पेट्रोल उडून जातं आणि मागे डिंकासारखा चिकट थर राहतो, तो कार्ब्युरेटरचं जेट, म्हणजे पेट्रोल सोडणारं बारीक भोक, बंद करतो. डिस्ट्रिब्युटरच्या पॉइंटवर बुरा चढतो. पेट्रोल पंपाचा पडदा कडक होतो. ब्रेकचे व्हील सिलिंडर अडकतात, रबराच्या नळ्या तडकतात. हे सगळं त्रासाचं आहे, पण सुटं काढून बदलण्याचं, म्हणजे एकेक सुट्टा रविवार खाणारं.

इंजिन जाम होतं म्हणजे काय, हे नीट समजून घेतलं की त्या शब्दाची निम्मी भीती जाते. चार सिलिंडरचं इंजिन कुठल्याही जागी थांबलं तरी कुठला ना कुठला व्हॉल्व्ह उघडा राहतोच. त्या उघड्या वाटेने पावसाळ्याची दमट हवा आत शिरते आणि त्या सिलिंडरच्या भिंतीवर पिस्टनच्या रिंगा गंजून चिकटतात. म्हणजे बहुतेक वेळा चारही सिलिंडर गेलेले नसतात, एखाद-दुसराच रुसलेला असतो. स्पार्क प्लग काढायचे, आत डिझेल आणि ऑइलचं मिश्रण ओतायचं आणि वाट बघायची. दोन दिवस, आठ दिवस, पंधरा दिवस. मग क्रँकच्या पुलीच्या नटाला पाना लावून हाताने अगदी थोडं पुढे, थोडं मागे. सुटलं तर उत्तम. नाहीच सुटलं किंवा भिंतीला खड्डे पडले असतील, तर बोरिंग करून, म्हणजे सिलिंडर आतून कापून थोडा रुंद करून, मोठे पिस्टन टाकायचे, नाहीतर स्लीव्ह, म्हणजे आत नवी नळी बसवायची. सातपूर-अंबडच्या कारखान्यांच्या या शहरात लेथवाल्यांची वानवा नाही.

म्हणून बंद गाडीच्या मालकाला विचारायचा सगळ्यात मोलाचा प्रश्न "किती वर्षं बंद आहे?" हा नसतो. तो असा असतो: "मधे कुणी ट्रॅक्टरला बांधून ओढली होती का?" आपल्याकडे शेतावरची गाडी चालू होईना की पहिला उपाय तोच. चिकटलेलं इंजिन गियरमध्ये टाकून ओढलं की रिंगा तुटतात, अडकलेल्या व्हॉल्व्हमुळे पुशरॉड, म्हणजे व्हॉल्व्ह ढकलणाऱ्या दांड्या, वाकतात, आणि पंधरा दिवस डिझेलमध्ये मुरवून सुटणारं काम लेथवर जातं. नवी बॅटरी आणून थेट सेल्फ मारणाराही त्याच पंथातला. कोरड्या भिंतीवर कोरडी रिंग घासून तो ओरखडे पाडून ठेवतो.

आता सांगाडा. इथे फियाटची रचना ध्यानात घ्यावी लागते. १९६४ची फियाट ११०० डिलाइट, मग प्रीमियर प्रेसिडेंट आणि १९७४ पासून पद्मिनी, ही सगळी एकाच घराण्यातली नावं, आणि या गाडीला खाली वेगळी चेसिस नाही. पत्र्याच्या पेट्या एकमेकींना जोडून जो डबा तयार होतो, तीच चेसिस. दाराखाली लांबच लांब जाणारी पोकळ पेटी, फरशी, पिलर, पुढचं सस्पेन्शन जिथे बसतं तो भाग, हे सगळे मिळून भार पेलतात. दाराखालची पेटी गेली म्हणजे गाडीचा कणाच गेला. अँबेसिडरही मॉरिस ऑक्सफर्डच्या वंशाची, तिचंही तेच.

जीपचं गणित मात्र बरोबर उलटं. जुन्या विलिसला किंवा महिंद्राच्या जीपला खाली शिडीसारखी जाडजूड चेसिस असते आणि वरचा टब तिच्यावर बोल्टने बसवलेला असतो. टब सडला तर दुसरा करून घेता येतो, चेसिस सरळ असली म्हणजे झालं. नाशिकमध्ये महिंद्राचा कारखाना असल्यामुळे आपल्याकडे जीपचं काम जाणणारे हात पुष्कळ, आणि घोळ नेमका तिथेच होतो. ही मंडळी अगदी प्रामाणिकपणे सांगतात, "बॉडीचं काय टेन्शन घेता, ती बनवून टाकू." जीपसाठी हा सल्ला सोळा आणे खरा आहे. फियाटसाठी तोच सल्ला ऐकलेल्या माणसाची गाडी आत्ता माझ्या अंगणात विटांवर उभी आहे.

गंजातही दोन जाती आहेत. एक वरवरचा. रंग उडालेल्या जागी लालसर पावडर, पॉलिश पेपर मारला की खाली चकाकणारा पत्रा. शेडमधल्या धुळकट गाडीवर हा भरपूर असतो, म्हणून ती भयंकर दिसते. दुसरा आतून बाहेर येणारा. पेटीच्या तळाशी पाणी निथळायला भोकं असतात, ती मातीने बुजली की ओल आतच राहते. लोखंडाचा गंज होताना त्याचं आकारमान कितीतरी पटींनी वाढतं, म्हणून पत्रा पापुद्र्या-पापुद्र्याने फुगतो आणि वरच्या रंगाला फोड येतात. रंगावर हरभऱ्याएवढा फोड दिसला, तर आतली गोष्ट बरीच आधी घडून गेलेली असते. आणि तो फोडसुद्धा नवा रंग मारला की दिसेनासा होतो. जुन्या गाडीखाली ताजं काळंभोर अंडरकोटिंग दिसलं, तर मी आता आधी विचारतो की याच्या खाली काय आहे.

गाडी कुठे उभी होती, यावर पत्र्याचं निम्मं नशीब ठरतं. इगतपुरीला वर्षाला ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि सिन्नर-येवला पाण्यासाठी तरसतात. एकाच जिल्ह्यात दोन टोकं. सिन्नरकडे उघड्यावर दहा वर्षं काढलेल्या गाडीचा रंग पार विटलेला असेल, डॅशबोर्डला चिरा गेल्या असतील, पण खालचा पत्रा खणखणीत निघू शकतो. घाटमाथ्यावर ताडपत्रीत गच्च गुंडाळून जपलेली गाडी मात्र आतून कुजते, कारण ताडपत्रीखाली ओल कोंडते. मुंबईहून आलेल्या गाडीला समुद्राची खारी हवा लागलेली असते. आणि गोदाकाठच्या गाडीबद्दल एक प्रश्न विसरू नका: २००८ च्या सप्टेंबरात, २०१६ आणि २०१९ च्या ऑगस्टमध्ये ही कुठे उभी होती? आपण गोदापात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीकडे बघून पूर मोजतो. त्या पुराचा गाळ पेटीत शिरला की ओला स्पंज कोंबून ठेवल्यासारखा वर्षानुवर्षं तिथेच बसतो. माझ्या गाडीतून निघालेला गाळ नेमक्या कुठल्या पुराचा, ते विकणाऱ्याने सांगितलं नाही आणि मीही विचारलं नव्हतं.

तपासणी फार अवघड नाही, फक्त कपडे मळवायची तयारी हवी. चुंबकाला मऊ फडकं गुंडाळून दाराखालून आणि मडगार्डवरून फिरवा, जिथे तो धरत नाही तिथे पुट्टी आहे. बोटाच्या पेराने टकटक करा, पत्रा टणटणतो आणि पुट्टी मठ्ठ वाजते. आतलं मॅटिंग उचलून फरशी बघा, डिकीत स्टेपनीखाली हात घाला. दार अर्धवट उघडून वर उचलून बघा. बिजागरी झिजलेली असेल तर दार हलतं, पण बिजागरीसकट पिलरच हलला तर नमस्कार करून निघा. शेवटची परीक्षा जॅकची. मालकाला विचारून जॅकच्या जागेवर गाडी हळूहळू उचला, चाक जमिनीपासून सुटेपर्यंत, आणि त्याच बाजूचं दार उघडून लावून बघा. आधी लागत होतं तसंच लागलं पाहिजे. अडकलं, किंवा फट वरून रुंद आणि खालून अरुंद झाली, तर सांगाडा वाकतो आहे. त्या जॅकवरच्या गाडीखाली मात्र कुणीही जायचं नाही.

कागदांतही अशीच जोडगोळी आहे, तिचं थोडक्यात. नोंदणीची मुदत संपलेली गाडी आणि नोंदणी रद्द झालेली गाडी एक नव्हे. मुदत संपली असेल तर फॉर्म २५ भरून, तपासणी करून, थकीत कर आणि दंड भरून ती जागी करता येते. आरसी हरवली असेल तर फॉर्म २६, नावावर करायला २९ आणि ३०, मूळ मालक वारला असेल तर वारसांसाठी ३१. रद्द झालेल्या गाडीच्या वाटेला मी तरी जाणार नाही. "व्हिंटेज आहे, नियम लागत नाहीत" असं कुणी म्हणालं तर लक्ष देऊ नका. २०२१ च्या नियमानुसार व्हिंटेज नोंदणी मिळते ती पहिल्या नोंदणीला ५० वर्षं उलटून गेलेल्या आणि मूळ रूपात असलेल्या गाडीला. तिच्या नंबरात 'व्हीए' ही अक्षरं येतात, नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये, आणि ती गाडी रोज ऑफिसला न्यायची परवानगी नाही. ऐंशीच्या दशकातली पद्मिनी अजून त्या वयाची नाही. आणि चेसिस नंबर आरसीशी स्वतःच्या डोळ्यांनी ताडून बघा, कारण गंजाला आकडे वाचता येत नाहीत.

गेल्या डिसेंबरात आम्ही पुन्हा दिंडोरीला गेलो. गाडी तिथेच होती, कोंबड्यांची पुढची पिढी बॉनेटवर. या वेळी बरोबर जॅक, चुंबक, टॉर्च आणि लोळायला जुनी चादर होती. उजवीकडची पेटी टणटणीत. डावीकडे मागच्या चाकाजवळ वीतभर लांबीचं भोक. कळेना, एकाच बाजूला का? मालक म्हणाले, "तिकडं खताच्या गोण्या टेकवलेल्या असायच्या ना, पोटॅशच्या." मिठाच्या जातीचंच ते खत, ओल धरून पत्र्याला चिकटून बसलेलं. पण भोकाच्या चारही बाजूंना पत्रा शाबूत होता, टाका धरण्याइतका. जॅक लावला, चाक सुटलं, दार लावलं. खट्. खाली घेतली, पुन्हा लावलं. तसंच खट्.

मालकाने स्वतःहून किंमत कमी केली, "बंदच आहे ना आता." मेव्हण्याने माझ्याकडे न बघता मान डोलावली.

"ट्रॅक्टरने ओढली होती का?"

"छे! वडील हात लावू देत नव्हते."

अकराव्या दिवशी पाना बोटभर हलला. तीन सिलिंडर साफ निघाले, चौथ्याच्या भिंतीला खड्डे आहेत, ब्लॉक बोरिंगला गेलाय. अंगणातल्या चकचकीत गाडीचं चालू इंजिन काढून हिच्यात टाकावं असं मेव्हण्याचं टुमणं चालू आहे, म्हणजे मग आरसीवर इंजिन नंबर बदलून घ्यायला पुन्हा आरटीओच्या फेऱ्या. चाचा म्हणाले, "थांबा जरा. स्लीव्ह टाकून आणतो." अंगणातल्या गाडीची काच, बंपर आणि डिकीचं झाकण मात्र आम्ही हिच्यासाठी काढून घेतलंय. रंग जुळत नाही.