ल्युसर्नचा दिवस : आधी तलाव, मग गाव

(आमच्याकडे दोघांच्या स्वित्झर्लंड सहलीचं बुकिंग करणाऱ्यांनी निघण्यापूर्वी वाचावं)

"ल्युसर्नला अख्खा दिवस कशाला? बाकीचे तर दोन तासांत उरकतात." कोटेशन हातात पडलं की हा प्रश्न हमखास येतो. उरकतात हे खरंच आहे. बस सिंहाच्या शिल्पापाशी थांबते, लाकडी पुलावर फोटो होतात, घड्याळांच्या दुकानात एक फेरी होते आणि मंडळी टिटलिसच्या बर्फाळ डोंगराकडे रवाना. समोर 114 चौरस किलोमीटरचा तलाव पसरलेला, पण बोटीत कुणी पाय ठेवत नाही. आमच्या दरात हा दिवस धरलेला असतो, म्हणून आकडा जरा चढा दिसतो. नको असेल तर सांगा, दिवस काढून दर कमी करून देऊ. मात्र परत आल्यावर लोक सगळ्यात जास्त बोलतात ते याच दिवसाबद्दल.

आता मुद्द्याचं. दिवस पूर्ण मिळूनही बरेच जण तो उलटा घालवतात. हॉटेलचा नाश्ता सावकाश होतो, मग गाव जवळच आहे म्हणून पूल, सिंह, जुन्या गल्ल्या, जेवण, आणि दुपारी तीनच्या सुमारास स्वारी धक्क्यावर. उन्हाळ्यात तोवर तलावाकाठच्या रिगी डोंगराच्या माथ्यावर बऱ्याचदा ढग जमलेले असतात. वर जाऊन दिसत काही नाही, आणि खाली येईपर्यंत परतीची शेवटची बोट गेलेली असते. मग रिगीच्या पायथ्याच्या फित्सनाउ गावातल्या धक्क्यावरून आम्हाला फोन. तिथे संध्याकाळचे साडेसात, इथे रात्रीचे अकरा. फोन आम्ही उचलतो, पण सुटलेली बोट काही आम्हाला मागे बोलावता येत नाही. (अशी वेळ आलीच तर घाबरू नका. बसने क्युसनाख्त गाठा, तिथून ल्युसर्नची ट्रेन मिळते आणि दोन्ही स्विस ट्रॅव्हल पासवर चालतात. वेळ जातो, एवढंच.)

पूल कुठे पळून जात नाही. रात्री दहालाही त्यावरून चालता येतं. बोट मात्र घड्याळाच्या काट्यावर सुटते, आणि हिवाळ्याच्या वेळापत्रकात शेवटची फेरी आणखी लवकर असते. म्हणून आमच्या कार्यक्रमाच्या कागदावर सकाळची बोट पहिली लिहिलेली असते. ती ओळ खाली ढकलू नका.

बोटीचे धक्के ल्युसर्न स्टेशनच्या दारातच आहेत. बाहेर पडून रस्ता ओलांडला की पाणी. नऊच्या सुमाराची बोट धरायची आणि दहा मिनिटं आधी पोचायचं. फळी ओढून घेतली की हात हलवून उपयोग नाही. जमलं तर चाकाची जुनी वाफेची बोट निवडा. या तलावावर अशा पाच आहेत, सगळ्यात जुनी 'उरी' 1901 ची. त्यांच्या बहुतेक फेऱ्या उन्हाळ्यातच असतात. आत मधोमध कठड्याशी उभं राहिलात तर खाली इंजिन उघडं दिसतं: चकाकते पोलादी दांडे मागेपुढे होतात, तेलाचा गरम वास येतो आणि दोन्ही बाजूंना चाकं पाणी कापत असतात. बायको डेकवर फोटो काढत असते आणि नवरा तासभर इथून हलत नाही, असं आम्हाला पुष्कळ जणींनी सांगितलं आहे. वरचा मजला पहिल्या वर्गाचा असतो. तुमचा पास दुसऱ्या वर्गाचा असेल तर खालीच बसा, नाहीतर कर्मचारी शांतपणे येऊन उठवतात आणि उगाच ओशाळल्यासारखं होतं.

साधारण तासाभरात फित्सनाउ. धक्क्यासमोरच रिगीची दातेरी रेल्वे उभी असते. 1871 मध्ये सुरू झालेली ही युरोपातली पहिली डोंगरी रेल्वे. अर्ध्या तासात ती 1798 मीटर उंचीच्या रिगी कुल्मला पोचवते. तिथून खाली तलाव, समोर पिलाटस डोंगर, लांबवर बर्फाची रांग. घाई करू नका, बाकावर बसा. परतताना पाटी वाचून गाडीत चढा, कारण वरून दोन दिशांना गाड्या सुटतात. गोल्डाउची पकडलीत तर डोंगराच्या भलत्याच बाजूला उतराल. आपल्याला फित्सनाउच्या गाडीने मधल्या काल्टबाद स्टेशनापर्यंत यायचं आहे. तिथून केबल कारने वेगिस, आणि वेगिसच्या केबल कार स्टेशनापासून धक्क्यापर्यंत पंधराएक मिनिटं उतारावर चालत. गुडघे कुरकुरत असतील तर हा फाटा सोडा, त्याच रेल्वेने फित्सनाउला येऊन बोट धरा. बुकिंग करतानाच गुडघ्यांचं सांगून ठेवलंत तर कागद तसाच बनवून देतो.

"पिलाटस का नाही?" कारण स्विस ट्रॅव्हल पासवर बोट आणि रिगी दोन्ही पूर्ण फुकट आहेत, पिलाटसला मात्र अर्धं तिकीट पडतं. पिलाटसची 48 टक्के चढाची रेल्वे थरारक आहे यात वाद नाही, पण ती हिवाळ्यात बंद असते. आग्रह असेल तर करून देतो. पास फ्लेक्स प्रकारचा (निवडलेल्या दिवसांपुरता चालणारा) असेल तर निघण्याआधी त्या दिवसासाठी तो ऑनलाइन सुरू करायला विसरू नका.

हवामानाचा अंदाज हॉटेलच्या खिडकीतून बांधू नका. शरद ऋतूत आणि हिवाळ्यात पुष्कळदा गाव धुक्यात बुडालेलं असतं आणि वर लख्ख ऊन, पायाखाली ढगांचा समुद्र. मोबाइलवर रिगीचा कॅमेरा बघा. वरही पांढरंच दिसत असेल तर डोंगराचा नाद सोडून उन्हाळ्यात तीच बोट थेट तलावाच्या दुसऱ्या टोकाला, फ्लुएलेनपर्यंत न्या. पावणेतीन तास लागतात, आणि पुढे पुढे कडे जवळ येत जातात. परत ट्रेनने तासाभरात ल्युसर्न.

खाण्याचं: बोटीवरच्या रेस्टॉरंटच्या टेबलांवर आपला डबा उघडू नये, बाहेरच्या बाकांवर खुशाल थेपले काढा. गावात दुपारी दोननंतर बऱ्याच ठिकाणी गरम जेवण बंद होतं, ते थेट संध्याकाळी. रस्त्यावरच्या कारंज्यांचं पाणी पिण्याचं असतं, बाटल्या विकत घेऊ नका.

चार-साडेचारला परतलात की गाव निवांत बघा. म्युसेगची तटबंदी उन्हाळ्यात संध्याकाळी सातपर्यंत उघडी असते, म्हणून आधी तिकडे. तिथल्या घड्याळाच्या बुरुजाला गावातल्या इतर घड्याळांच्या एक मिनिट आधी ठोके द्यायचा मान आहे. मग सिंह. 1792 मध्ये पॅरिसमध्ये मारल्या गेलेल्या स्विस रक्षकांच्या स्मरणार्थ तो खडकात कोरला आहे, आणि बसगाड्या गेल्यावर तिथे दोन मिनिटं शांत उभं राहता येतं. शेवटी तो लाकडी पूल, कापेलब्रुक. 18 ऑगस्ट 1993 च्या रात्री हा पूल मोठ्या प्रमाणात जळाला आणि पुढच्याच वर्षी पुन्हा उभा राहिला. आत चालताना मान वर ठेवा: छताखालची त्रिकोणी चित्रं दोन्ही टोकांना आहेत, मध्ये रिकाम्या जागा दिसतात. तिथली चित्रं आगीत गेली.

या क्रमात एकच पंचाईत आहे, खरेदी. दुकानं संध्याकाळी बंद होतात, शनिवारी त्याहून लवकर, आणि रविवारी बहुतेक उघडतच नाहीत. घड्याळ घ्यायचंच असेल तर बुकिंगच्या वेळी सांगा, दुसऱ्या दिवशीची सकाळ त्यासाठी मोकळी ठेवून ट्रेन एक तास पुढची घेतो. त्याचे वेगळे पैसे नाहीत.