डॉक्टरांची तपासणी आणि नर्सची तपासणी

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्लंडमधल्या सरकारी प्राथमिक शाळांत मुलांची ‘तपासणी’ व्हायची, असं आपण सरसकट म्हणतो. खरं तर त्या दोन तपासण्या होत्या. मुलं तीच, पण कायदे दोन, आणि पुढे जे घडायचं त्यात जमीन-अस्मानाचा फरक.

पहिली डॉक्टरांची. दक्षिण आफ्रिकेतल्या बोअर युद्धाच्या वेळी सैन्यभरतीला आलेले कितीतरी तरुण शरीराने नापास ठरले आणि सरकार हादरलं. त्यातून १९०७ चा कायदा आला आणि १९०८ पासून तपासणी सुरू झाली. मूल शाळेत दाखल होताना एकदा, शाळा सोडताना एकदा. बूट काढून उंची-वजन, तक्त्यावरची अक्षरं वाचायला लावून नजर, मग दात, घसा, कान, छाती. आईलाही बोलावणं जायचं.

दुसरी नर्सची, आणि ती वारंवार. फणीने केस बाजूला सारत कानामागे, मानेवर ती उवा-लिखा शोधायची; कपडे बघायची. पुढच्या काळात पोरांनी तिचं नाव ‘निटी नोरा’ पाडलं. ‘निट’ म्हणजे लीख.

आता मुख्य फरक. १९०८ च्या बालक कायद्याने उवा सापडल्या की पालकांना लेखी नोटीस देता येई: चोवीस तासांत मूल स्वच्छ करा. नाही केलं, तर स्थानिक शिक्षण समिती, म्हणजे त्या भागातल्या शाळांचा कारभार बघणारी संस्था, मुलाला नेऊन स्वतः स्वच्छ करवून घेऊ शकत असे. डॉक्टरांना कान वाहताना दिसला, तर? १९०७ च्या एकाच कलमात तपासणी हे समितीचं कर्तव्य होतं आणि उपचाराची नुसती मुभा. म्हणजे आईच्या हाती चिठ्ठी पडायची, आणि खाजगी डॉक्टरची फी परवडत नसेल तर ती चिठ्ठी घरीच राहायची. उवांसाठी सक्ती आणि वाहत्या कानासाठी मुभा, हे मला आजही खुपतं.

काही ठिकाणी माणसं थांबली नाहीत. ब्रॅडफर्ड शहराने १९०८ मध्येच शाळेतल्या मुलांसाठी दवाखाना उघडला. मार्गारेट आणि रेचल मॅकमिलन या बहिणींनी १९१० मध्ये लंडनच्या डेप्टफर्डमध्ये दवाखाना चालवायला घेतला. प्राथमिक शाळांतल्या मुलांवरचे उपचार समित्यांचं कर्तव्य ठरले ते १९१८ च्या शिक्षण कायद्याने. १९०८ मध्ये पाचव्या वर्षी तपासलेलं मूल तोवर पंधरा वर्षांचं झालं होतं.