स्वच्छमंडलाचे उष्ण परिरक्षण

नेत्रदानातून मिळालेले स्वच्छमंडल (कॉर्निया) रोपणापूर्वी साधारण ३०° ते ३७° से. तापमानाच्या पोषक माध्यमात राखण्याची पद्धत. यूरोपातील अनेक नेत्रपेढ्यांत ती रूढ आहे. अमेरिकेत २° ते ८° से. तापमानाचे शीत परिरक्षण अधिक चालते.

स्वच्छमंडलाच्या मागील बाजूस अंतःस्तर हा केवळ एका पेशीच्या जाडीचा थर असतो. तो आयनांच्या वहनाद्वारे मधल्या थरातील पाणी सतत बाहेर काढतो. थंडीत हे कार्य मंदावते व ऊतक फुगते. पुन्हा ऊब मिळाली की ते पातळ होऊ लागते. या तापमान-व्युत्क्रमाविषयी हॅरिस व नॉर्डक्विस्ट यांचे, तसेच डेव्हसन यांचे काम १९५५ च्या सुमाराचे आहे. शीत माध्यमातील ऊतकही अंतःस्तराची तपासणी करण्यापूर्वी काही वेळ खोलीच्या तापमानाला आणतात, ते पेशींच्या सीमारेषा स्पष्ट दिसाव्यात म्हणून.

एडुआर्ट त्सिर्म यांनी १९०५ मध्ये ओलोमोउत्स (आजच्या चेकियातील शहर) येथे केलेल्या पहिल्या यशस्वी रोपणात जिवंत दात्याच्या काढलेल्या डोळ्यातील ऊतक वापरले होते. तेथे परिरक्षणाचा प्रश्नच नव्हता. तो पुढे आला मृत दात्यांमुळे. ओडेसातील नेत्रतज्ज्ञ फिलाटॉव्ह यांनी १९३० नंतरच्या दशकात असे डोळे थंडीत राखून वापरले. थंडीमुळे ऊतकात उत्तेजक द्रव्ये तयार होतात हे त्यांचे मत मात्र पुढे टिकले नाही.

उष्ण पद्धतीच्या बाबतीतही असाच अतिरिक्त दावा झाला आणि त्याचा शेवट अधिक वाईट झाला. संवर्धनात, म्हणजे पोषक माध्यमात, राहिलेले ऊतक आपली प्रतिजनता (शरीराचा प्रतिकार चेतवण्याचा गुण) गमावते व परक्या शरीरात स्वीकारले जाते, असे अमेरिकी संशोधक विल्यम समरलिन यांनी १९७३ च्या सुमारास मांडले. पुरावा म्हणून दाखवलेल्या सशांच्या दोन्ही डोळ्यांत रोपण केल्याचे सांगण्यात आले होते; प्रत्यक्षात स्वच्छ राहिलेल्या डोळ्यात रोपण झालेच नव्हते. त्वचेचे रोपण यशस्वी भासावे म्हणून उंदरांच्या त्वचेवर शाईने डाग रंगवल्याचे १९७४ मध्ये उघड झाले आणि हे सारे काम मोडीत निघाले. मूळ कल्पनेत मात्र थोडे तथ्य असावे, कारण संवर्धनकाळात अभिस्तर (स्वच्छमंडलाचा सर्वांत बाहेरचा थर) झडतो आणि प्रतिजन सादर करणाऱ्या पेशीही घटतात. तरीही शीत ऊतकाच्या तुलनेत अस्वीकार निश्चितपणे कमी होतो, असे म्हणण्यास पुरेसा आधार नाही. डोमन व त्यांच्या सहकाऱ्यांनी मिनेसोटात त्याच दशकात चालवलेले काम अधिक विश्वसनीय मानावे लागते. तेथे भर ऊतक जास्त दिवस जिवंत ठेवण्यावर होता.

व्यवहारात या पद्धतीचे लाभ दोन. ऊतक सुमारे चार आठवडे टिकते (प्रचलित शीत माध्यमात १४ दिवसांपर्यंत), त्यामुळे शस्त्रक्रिया आधी ठरवता येते. शिवाय उबेत जंतू व बुरशी वाढतात, माध्यम गढूळ होते किंवा त्याचा लाल रंग पिवळसर होतो, आणि दूषित ऊतक रोपणाआधीच बाद करता येते. तोटा फुगण्याचा. डेक्स्ट्रान या पाणी ओढून घेणाऱ्या मोठ्या रेणूच्या द्रव्याअभावी माध्यमात जाडी जवळजवळ दुप्पट होते. म्हणून अखेरच्या काही दिवसांत ऊतक डेक्स्ट्रानयुक्त माध्यमात हलवतात. तेथे फार काळ ठेवल्यास अंतःस्तरास इजा पोहोचते.

याहून तीव्र उष्णता जिवंत ऊतकाला चालत नाही. अंतःस्तर मरतो आणि सु. ५५° ते ६०° से. च्या पुढे कोलॅजन आकसून स्वच्छमंडलाचा आकार बिघडतो.