फाटकातली खाच

रेल्वे फाटकात सायकलवाला पडतो तेव्हा बहुतेक वेळा रुळांवर गाडी नसते. फाटक उघडं असतं, मागून उसाचा ट्रॅक्टर हॉर्न वाजवत असतो आणि पुढचं चाक रुळालगतच्या खाचेत जातं. मनगट सुजतं, दुधाचा कॅन सांडतो. पेपरात काही येत नाही.

ही खाच चुकून राहिलेली नसते, मुद्दाम ठेवलेली असते. रेल्वेच्या चाकाला आतून कड असते. ती फिरायला जागा हवी म्हणून फाटकात रुळाच्या आतल्या बाजूने चेक रेल, म्हणजे समांतर आणखी एक रूळ, बसवतात आणि दोहोंमध्ये ५१ ते ५७ मिलिमीटर अंतर ठेवतात. आपल्याकडच्या काळ्या दणकट सायकलचा टायर दीड इंची, म्हणजे जेमतेम ३८ मिलिमीटर; शर्यतीच्या सायकलचा त्याहून बारीक. रूळ काटकोनात ओलांडला तर एक हिसका बसतो, एवढंच. तिरकं गेलं की खाच चाकाला आपल्या दिशेनं नेते आणि वरचा माणूस सरळच जात राहतो. त्यात पावसानं रूळ ओला असला तर बघायलाच नको.

गंमत म्हणजे मिरजेच्या या मुलखात रेल्वे आणि सायकल जवळपास एकाच वेळी आल्या. सदर्न मराठा रेल्वेची मीटरगेज, म्हणजे दोन रुळांत एक मीटर अंतराची लाईन, मिरजेला पोचली ती १८८०च्या दशकाच्या अखेरीस. १८९१मध्ये मिरज-कोल्हापूर फाटा सुरू झाला. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात सायकलचं दुकान थाटलं ते १८८८मध्ये. त्याच लक्ष्मणरावांनी १९१०मध्ये औंध संस्थानातल्या कुंडल रोड स्टेशनाजवळच्या माळावर किर्लोस्करवाडी वसवली. तरी फाटकाचा विचार झाला तो बैलगाडी डोळ्यांसमोर ठेवून. तिची दोन चाकं शेजारी-शेजारी, त्यांवर लोखंडी धाव. खाचेत हिसका बसला तरी ती आडवी होत नाही. पुढे बैलगाडीच्या जागी ट्रक आला. त्यालाही खाचेची फिकीर नव्हती. १९७१च्या सुमारास पुण्याहून मिरजेपर्यंत रुंद रुळांची ब्रॉडगेज आली, मिरज जंक्शनात काही वर्षं ब्रॉड, मीटर आणि नॅरो असे तिन्ही गेज नांदले, पण खाच होती तिथेच राहिली.

माझ्या मते खरी गोम मोजणीत आहे. फाटकाच्या जागी पूल बांधायचा की नाही, हे ठरवताना दिवसाभरातल्या गाड्यांची संख्या रस्त्यावरच्या वाहनांच्या संख्येने गुणतात. गुणाकार एक लाखावर गेला की पुलाचा विचार होतो. या हिशेबात मोटारीला एक गुण, बैलगाडीला एक, रिक्षाला अर्धा. साध्या सायकलला मात्र भोपळा! ज्या हिशेबात सायकल धरलीच नाही, त्यातून तिच्यासाठी काही निघणार तरी कसं?

ब्रॉडगेजवरची बिनापहाऱ्याची फाटकं जानेवारी २०१९पर्यंत संपली. तो बदल मोठा, आणि जीव वाचवणारा. आता पुणे-मिरज दुहेरीकरणाच्या निमित्ताने पहाऱ्याची फाटकंही बंद करून पूल किंवा भुयारी मार्ग केले जातात. पुलाच्या चढाला सायकलवाल्याला धाप लागते, भुयारात पावसाळ्यात पाणी. मग लोक सायकल खांद्यावर घेऊन रूळ ओलांडतात. १९८९च्या रेल्वे कायद्याच्या कलम १४७प्रमाणे तो गुन्हा आहे.

जी फाटकं उरली आहेत, तिथला प्रश्न कोनाचा आहे. आपल्या रेल्वेच्या नियमात रस्ता आणि रूळ यांच्यातला कोन ४५ अंशांहून कमी नसावा असं आहे. ट्रकसाठी तेवढं पुरतं. अमेरिकेत टेनेसीतल्या नॉक्सव्हिल शहरात एका तिरक्या फाटकावर संशोधकांनी दोन महिने कॅमेरा लावला. तेरा हजारांवर सायकली गेल्या, ५३ जण पडले. त्यांचा अभ्यास २०१७मध्ये प्रसिद्ध झाला. निष्कर्ष असा की ६० अंशांच्या पुढे धोका फारसा राहत नाही, ३०च्या खाली मात्र रचनाच बदलायला हवी. तिथे उपायही साधाच झाला: सायकलची वाट रुळांच्या अलीकडे बाहेर वळवली, म्हणजे चाक रुळावर जवळजवळ काटकोनात येतं.

खाचेत रबर भरण्याची पद्धतही आहे, गाडी आली की ते दबतं. पण ते मंद गाड्यांच्या मार्गावरच टिकतं. कारखान्यात जाणाऱ्या बाजूच्या रुळाला चालेल. मिरजेच्या मुख्य मार्गावर एक्स्प्रेस धावतात, तिथे नाही.

म्हणजे इथे उरतं ते वळण. त्यासाठी रस्त्याकडेची थोडी जागा, खडी आणि पांढरे पट्टे लागतात. अडचण एवढीच की फाटकाच्या आतला रस्ता रेल्वेचा आणि बाहेरचा महापालिकेचा किंवा बांधकाम खात्याचा, आणि वळण सुरू होतं बाहेर, संपतं आत.