शिंगासह की शिंगाशिवाय? गेंडा भुंग्याच्या लांबीच्या वादाची पार्श्वभूमी

गेंडा भुंगे म्हणजे गेंड्यासारखी शिंगे असलेले भुंगे; त्यांतल्या हर्क्युलिस भुंग्याला शास्त्रीय नाव मिळाले 1758 साली. त्यानंतर बराच काळ अभ्यास चालला तो टाचणीवर टोचलेल्या नमुन्यांवरच. 1871 मध्ये नरांची शिंगे म्हणजे माद्यांना भुरळ घालणारा दागिना असावा, असे मांडले गेले. झटापटीच्या खुणा दिसत नाहीत, हा त्याचा आधार. 1940च्या दशकात व्हेनेझुएलाच्या जंगलात नरांच्या लढती बारकाईने पाहिल्या गेल्या आणि दागिन्याचे हत्यार झाले. 2014 सालच्या मोजमापांनी तर शिंगाचा आडवा छेद लढण्याच्या पद्धतीशी जुळतो हेही दाखवले: जपानी गेंडा भुंग्याचे त्रिकोणी शिंग पीळ सोसते, हर्क्युलिसचे लंबगोल शिंग उचलताना वाकत नाही.

खरा गुंता मात्र ‘लांबी’ या शब्दात आहे. वक्षावरच्या शिंगाच्या टोकापासून कठीण पंखांच्या टोकापर्यंत मोजले तर हर्क्युलिस 17 सेंटिमीटरच्या घरात जातो आणि सर्वांत लांब भुंगा ठरतो. शिंग वगळले, तर टायटन नावाचा बिनशिंगाचा भुंगा पुढे. 1999 मध्ये जपानने परदेशी भुंग्यांच्या आयातीवरचे निर्बंध सैल केले, तेव्हापासून भुंगे पाळणाऱ्या तिथल्या हौशींच्या बाजारात एकेका मिलिमीटरला भाव आला आणि शिंगासहची लांबीच रूढ झाली. ही पद्धत दिशाभूल करते.

कारण शिंग हा अळीच्या खुराकाचा हिशेब असतो. अळी दीड-दोन वर्षे कुजलेले लाकूड खाते, तीनदा रूप पालटते. कोषात जाण्याआधी शिंग कातडीखाली चुणीदार पिशवीसारखे तयार होते. कात टाकताना शरीरद्रवाच्या दाबाने ते फुगते आणि कडक होते. प्रौढ भुंगा वाढत नाही. जपानी गेंडा भुंग्यावरच्या 2012 सालच्या प्रयोगांत दिसले की पोषण किती मिळते हे पेशींना कळवणाऱ्या इन्सुलिन संदेशाला शिंगाच्या पेशी पंखांपेक्षा कितीतरी जास्त दाद देतात. खाणे तुटले की पंख थोडेच लहान राहतात, शिंग मात्र खुंटते. म्हणून एकाच मादीच्या पिलांत लांब आणि आखूड शिंगाचे दोन्ही नर निघतात.

पाळणारे नेमका याचाच फायदा घेतात. तापमान 20 ते 22 अंशांवर ठेवले की अळीचा काळ लांबतो आणि वजन 100 ग्रॅमच्या वर जाऊ शकते. पण कोषाची पोकळी आडवी, लांब आणि गुळगुळीत लागते. भांडे आखूड असले किंवा पोकळी ढासळली, तर शिंग भिंतीला टेकून वाकडे होते, आणि ते पुन्हा सरळ होत नाही. पोकळी फुटलीच, तर फुलांच्या सजावटीच्या फोममध्ये तशीच खाच कोरून कोष त्यात ठेवतात.

मोजतानाही घोळ होतो. मेलेल्या नमुन्यात वक्ष आणि पंख यांमधला सांधा वाळवताना ताणला, की जिवंतपणी नसलेले मिलिमीटर पदरात पडतात. व्हर्नियर वक्षाच्या सर्वांत रुंद भागावर लावला, तर सांधा आणि शिंग दोन्ही मोजमापातून वगळले जातात. अभ्यासक शरीराच्या आकारासाठी वक्षाची रुंदी घेतात ती यामुळेच.