कॅमेऱ्याला दिसतं तेवढंच: ‘फाउंड फूटेज’ भयपटांची पार्श्वभूमी

लग्नाची जुनी कॅसेट लावली, तर कोपऱ्यात तारीख आणि वेळ दिसू शकते. लाल ठिपका आणि ‘आर-ई-सी’ ही अक्षरं मात्र दिसत नाहीत. ती शूटिंग करणाऱ्याला व्ह्यूफाइंडरमध्ये दिसायची, टेपवर उतरत नसत. आता मोबाइलवर ‘फाउंड फूटेज’, म्हणजे कुणीतरी शूट केलेलं चित्रण नंतर सापडलं असं भासवणारे, लघुपट करणारे हौशी लोक सगळ्यात आधी तोच ठिपका चिकटवतात आणि जाणत्या प्रेक्षकाचा विश्वास तिथेच उडतो. ‘हे खरोखर कुणीतरी शूट केलेलं आहे’ एवढ्या एका समजुतीवर हा प्रकार उभा आहे, आणि ती समजूत दर काळात वेगळ्या यंत्राने टिकवली.

मूळ कल्पना सिनेमाच्या आधीची. १८९७ ची ‘ड्रॅक्युला’ ही कादंबरी रोजनिश्या, पत्रं, तारा आणि फोनोग्राफवरच्या नोंदींतूनच सांगितली आहे. पडद्यावर हा साचा ठळकपणे आला १९८० मध्ये, इटालियन दिग्दर्शक रुज्जेरो देओदातो यांच्या ‘कॅनिबल होलोकॉस्ट’मुळे: जंगलात बेपत्ता झालेल्या माहितीपटवाल्यांची रिळं सापडतात. नटांनी काही काळ लोकांसमोर यायचं नाही असं ठरलं होतं, त्यामुळे देओदातो यांच्यावर खुनाचा आळ आला आणि नट जिवंत आहेत हे त्यांना दाखवावं लागलं. त्यात जनावरं खरीच मारली आहेत. तंत्राचं कौतुक असलं तरी ते माफ करता येत नाही.

खरी कलाटणी १९९९ च्या ‘द ब्लेअर विच प्रोजेक्ट’ने दिली. डॅनियल मायरिक आणि एदुआर्दो सांचेझ यांनी ऑक्टोबर १९९७ मध्ये अमेरिकेतल्या मेरीलँडच्या जंगलात आठ दिवसांत तो चित्रित केला. चेटकिणीवर माहितीपट करायला जंगलात गेलेले तीन विद्यार्थी बेपत्ता होतात, एवढीच गोष्ट. कॅमेरे दोनच, एक हाय-एट टेपचा व्हिडिओ आणि एक १६ मिमी फिल्मचा, आणि दोन्ही नटांच्याच हातात. जीपीएसवर पुढचा टप्पा दिलेला असायचा. तिथे प्रत्येकासाठी वेगळी चिठ्ठी, आणि एकाची चिठ्ठी दुसऱ्याने वाचायची नाही. खाणं रोज कमी केलं जायचं. रात्री दिग्दर्शक तंबू बाहेरून हलवायचे, लहान मुलांचे आवाज टेपवर वाजवायचे. चेहऱ्यांवरचा थकवा म्हणूनच खरा वाटतो. सुमारे वीस तासांच्या फूटेजमधून दीड तासाच्याही आतला चित्रपट निघाला, आणि चेटकीण एकदाही दिसत नाही. बेपत्ता झालेल्यांची पत्रकं आणि वेबसाइट यांमुळे कित्येकांना सगळं खरंच वाटलं. जगभरातली कमाई चोवीस कोटी डॉलरच्या वर गेली.

पुढे कॅमेरा हातातून सुटून तिवईवर गेला. ओरेन पेली यांनी २००६ मध्ये सॅन दिएगोतल्या स्वतःच्या घरात सुमारे १५,००० डॉलरमध्ये ‘पॅरानॉर्मल अ‍ॅक्टिव्हिटी’ केला. तो सर्वत्र लागायला २००९ उजाडलं. त्यातली झोपायच्या खोलीची चौकट नीट पाहावी. उजवीकडे पलंग, डावीकडे उघडं दार, त्यामागे अंधारा बोळ, कोपऱ्यात पळती वेळ. कॅमेरा हलत नाही, म्हणून नजर आपणहून त्या दाराकडे जाते. नायिका उठून झोपलेल्या प्रियकराकडे पाहत पलंगाशी तासन्‌तास उभी राहते आणि घड्याळ भरभर पळतं. ना संगीत, ना रक्त. या प्रकारातलं हे आमच्या मते सर्वांत अचूक दृश्य.

आणि मुंबई? इथे भयपट म्हणजे बराच काळ रामसे बंधूंची हवेली, धूर आणि मुखवटे. मोबाइल आणि छुप्या कॅमेऱ्यांच्या ‘एमएमएस’ची, म्हणजे चोरून शूट करून पसरवलेल्या क्लिपांची, भीती शहरात पुरती मुरल्यावर २०१० मध्ये दिबाकर बॅनर्जींचा ‘लव्ह सेक्स और धोखा’ आला. तो भयपट नव्हे, पण विद्यार्थ्याचा हँडीकॅम, दुकानातला सीसीटीव्ही आणि स्टिंगचा लपवलेला कॅमेरा या तिन्हींची भाषा त्याने हिंदीत रुळवली. वर्षभराने, तो काढणाऱ्या बालाजी या निर्मितीसंस्थेच्याच पंखाखाली पवन कृपलानींचा ‘रागिणी एमएमएस’ आला. त्यातली भूत झालेली बाई मराठीत बोलते, आपण चेटकीण नाही असं सांगत राहते. आपल्या प्रेक्षकाला ते उपशीर्षकाविना, थेट कानातून अंगावर येतं.

इथे असं काही करायचं, तर चाळीतली दहा बाय बाराची खोली कामाची, कारण पळायला जागाच नसते. पण ट्यूबलाइट दगा देते. आपली वीज ५० हर्ट्‌झची, तेव्हा जुन्या चोकची ट्यूब सेकंदाला शंभर वेळा लुकलुकते. कॅमेऱ्याचं शटर १/६० सेकंदावर राहिलं, तर चित्रात आडवे पट्टे सरकू लागतात. १/५० किंवा १/१०० ठेवावं आणि सेकंदाला २५ फ्रेमवर शूट करावं. पंखा बंद ठेवून आवाज घ्यावा आणि पंख्याचा आवाज वेगळा रेकॉर्ड करून नंतर खाली अंथरावा. नाहीतर दर कटला घरघर तुटते आणि जोड ऐकू येतो. हँडीकॅमच्या ‘नाइटशॉट’चा, म्हणजे अंधारात शूट करायच्या सोयीचा, इन्फ्रारेड उजेड जेमतेम तीन-एक मीटर पोचतो. ही मर्यादाच वापरावी: गॅलरीच्या टोकाला काय आहे ते कॅमेऱ्यालाही कळू नये.

जीव मुठीत धरून पळणारा माणूस शूटिंग का थांबवत नाही, या प्रश्नावर असे चित्रपट सर्वांत जास्त आपटतात. बार्सिलोनातल्या इमारतीत घडणाऱ्या २००७ च्या ‘रेक’ने टीव्हीची वार्ताहर आणि तिचा कॅमेरामन घेऊन तो सोडवला: शूट करणं हेच त्यांचं काम, आणि अंधारात कॅमेऱ्यावरचा दिवा हाच उजेड. २०२० च्या टाळेबंदीत रॉब सॅव्हेज यांच्या ‘होस्ट’मध्ये प्रश्न उरलाच नाही, कारण सगळे झूमवर होते आणि प्रत्येकाचा कॅमेरा चालूच होता. आता सोसायट्यांच्या जिन्यांत, लिफ्टमध्ये सीसीटीव्ही आहेत. त्यातल्या अनेकांत आवाज नोंदला जात नाही, आणि डिस्क भरली की जुनं फूटेज आपोआप पुसलं जातं.