आबांच्या पिशवीतल्या दोन बाटल्या

परभणीकडच्या एका आबांच्या पिशवीत मी काचबिंदूच्या दोन बाटल्या पाहिल्या. एक सरकारी दवाखान्याच्या खिडकीवर फुकट मिळालेली, लेबलावर औषधाचं मूळ नाव: टिमोलॉल. दुसरी शहरातल्या खासगी डॉक्टरांनी लिहून दिलेली, नाव कंपनीचं. आबा दोन्हींतले थेंब डोळ्यात टाकत होते. दुसरीवरची मुंगीएवढी अक्षरं वाचली, तर तिच्यातही ब्रिमोनिडीनच्या जोडीला टिमोलॉल होतंच!

काचबिंदूत बहुतेकदा डोळ्यातला दाब वाढतो आणि मेंदूकडे जाणारी नस हळूहळू सुकते. गेलेली नजर परत येत नाही, म्हणून थेंब बहुधा जन्मभर. दाब उतरवायच्या वाटा आपल्याला चटकन कळाव्यात, कारण पावसाळाभर आपण जायकवाडीची आवक आणि विसर्ग वाचत असतो. टिमोलॉल डोळ्यात तयार होणाऱ्या पाण्याची आवक घटवतं. लॅटानोप्रोस्ट हे त्यानंतरचं, नवं औषध विसर्ग वाढवतं. दाब उतरवण्यात ते सहसा सरस, आणि रात्री एकच थेंब पुरतो.

तरी सरकारी खिडकीवर टिमोलॉल का मिळतं? तिथल्या डॉक्टरला आधी कपाटात काय आहे ते पाहावं लागतं. खरेदी ठरलेल्या यादीतून, मूळ नावाने होते. टिमोलॉल जुनं आणि स्वस्त. लॅटानोप्रोस्टला अमेरिकेत १९९६ मध्ये मंजुरी मिळाली. आपल्या राष्ट्रीय अत्यावश्यक औषधांच्या यादीत ते २०२२ मध्ये आलं. यादीपासून तालुक्याच्या कपाटापर्यंतचा रस्ता लांबचा. त्यात त्याच्या बऱ्याच बाटल्या उघडेपर्यंत २ ते ८ अंशांत ठेवायच्या आणि उघडल्यावर २५ अंशांच्या आत, सहा आठवडे. इकडे मे महिन्यात पारा ४२ वर! माठाच्या ओल्या फडक्यात गुंडाळलेली बाटली मी पाहिली आहे. हसू नका, फ्रीज नसलेल्या घराने शोधलेला तो तोडगा होता.

खासगीत कपाटाची अडचण नाही. नवं औषध, एकाच बाटलीत दोन औषधं, प्रिझर्वेटिव्ह नसलेले थेंब, सगळं लिहिता येतं. पण मेडिकलचं बिल दर महिन्याला. सोयाबीनचे पैसे आले की बाटली येते, नाहीतर खंड पडतो. आणि हळूहळू चढलेला दाब दुखत नसल्याने खंडाचं काही वाटतही नाही. मला विचाराल तर रोज पडणारं जुनं औषध अधूनमधून पडणाऱ्या नव्यापेक्षा बरं.

मात्र टिमोलॉल सगळ्यांना चालत नाही. डोळ्यातला थेंब नाकाच्या वाटेने रक्तात उतरतो, दमा बळावतो, नाडी मंदावते. थेंबानंतर नाकाकडचा डोळ्याचा कोपरा दोन मिनिटं दाबून धरला, तर रक्तात कमी जातं. हे आबांना कुणी सांगितलंच नव्हतं. ओटा चढताना धाप लागायची, ती त्यांनी वयावर ढकलली होती.

पुढच्या खेपेला त्यांनी दोन्ही बाटल्या सरकारी डॉक्टरांच्या टेबलावर मांडल्या. "डॉक्टरसाहेब, फुकटची ठेवू का महागाची?"

डॉक्टरांनी आधी त्यांचं मनगट हातात घेतलं आणि घड्याळाकडे पाहत नाडी मोजायला सुरुवात केली.